गाणं आहे, गाणारा नाही: हेडफोन, अ‍ॅम्प आणि प्लेअर घरी कसे निवडायचे, कसे जोडायचे

रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. "अरे, तू घ्यायला लावलेला हेडफोन बिघडला. तंबोरा येतोय, तबला कुठूनतरी लांबून येतोय, पण बाई गातच नाहीयेत." सोसायटीतल्या कुणा मुलाने निदानही करून टाकलं होतं: हेडफोनला पॉवर कमी पडते, अ‍ॅम्प, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा डबा, घ्यावा लागेल, सात-आठ हजार जातील.

मी म्हटलं, "मोबाइलचं कव्हर काढ आणि पिन टक् होईपर्यंत आत ढकल." मिनिटभर खुडबुड ऐकू आली. मग माझ्याशी नव्हे, काकांशी बोलणं: "अहो, आल्या बाई!"

झालं होतं ते असं. हेडफोनच्या पिनवर टोकाला डावा आवाज असतो, मधल्या कड्यावर उजवा आणि मुळाशी दोघांची सामाईक परतीची वाट. कव्हर जाड, त्यामुळे पिन दीड-दोन मिलीमीटर बाहेर राहिली आणि ती परतीची वाट तुटली. मग दोन्ही कानांतले ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, एका रांगेत जोडल्यासारखे होतात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. दोन्हीकडे सारखं असलेलं एकमेकांना खोडून टाकतं. गायिका बहुतेक ध्वनिमुद्रणांत दोन्हीकडे सारखीच असते, म्हणून नेमकी तीच नाहीशी झाली.

दहा-बारा घरांत अशी जोडाजोड करून दिल्यावर माझं एक मत बनलंय. आधी हेडफोन घ्या. मग कागदावर दोन ओळींचा हिशेब करा. त्या हिशेबात अ‍ॅम्प निघाला तरच अ‍ॅम्प घ्या. लोक हे उलटं करतात आणि कपाटात धूळ खाणारे अ‍ॅम्प जमवतात. माझ्याही कपाटात दोन आहेत.

१. हेडफोन पंखा चालू ठेवून निवडा

दुकानाच्या एसी खोलीत सगळेच हेडफोन छान वाटतात. आपण ऐकणार आहोत घरी, डोक्यावर पंखा चारवर आणि शेजारच्या खोलीत टीव्ही. त्यामुळे पहिला प्रश्न कंपनीचा नसून उघडा की बंद, हा आहे.

उघड्या पाठीच्या हेडफोनच्या वाटीला बाहेरून जाळी असते. आवाज मोकळा, पसरट येतो, डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ सालचा हेडफोन अजून लोक शोधून घेतात तो यामुळेच. पण जाळीतून बाहेरचं आत येतं आणि आतलं बाहेर जातं. पंख्याची घरघर नेमकी खालच्या पट्टीत असते. तिच्यात डग्ग्याची घूम आणि खर्जाची तार आधी बुडते. मग आपण आवाज वाढवतो, आणि बाजूला झोपलेलं माणूस उठून बसतं. वेगळी खोली असेल, रात्री शांतता असेल, तर उघडा हेडफोन घ्यावा, जरूर घ्यावा. वन बीएचकेत मी बंद पाठीचाच सांगतो. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स, सोनीचा १९९१ पासून स्टुडिओंत दिसणारा एमडीआर-७५०६ ही सगळी या जातीची, वर्षानुवर्षं टिकणारी नावं.

तिसरा पर्याय कानात बसणाऱ्यांचा. कमी पैशांत सर्वांत जास्त तपशील तेच देतात आणि पंखा सर्वांत चांगला तेच अडवतात. मात्र टोकाचं रबर आपल्या कानाच्या मापाचं हवं. डब्यात तीन माप येतात, तिन्ही लावून बघा. रबर सैल बसलं की खालचा आवाज पळून जातो आणि लोक म्हणतात, "यात बेसच नाही." दोन कानांना दोन वेगवेगळी मापं लागणं अगदी सामान्य आहे, मलाही लागतात.

हेडफोन लावून निदान वीस मिनिटं बसा. चष्म्याची दांडी कानामागे रुतते का, कुड्या टोचतात का, हे पाच मिनिटांत कळत नाही. गादीचं कापडही बघा. रेक्झिनच्या गाद्या आवाज चांगला अडवतात, पण मे महिन्यात कान घामेजतात, आणि कोकणच्या दमट हवेत दोन-तीन वर्षांत त्यांचे काळे पापुद्रे निघून गालाला चिकटू लागतात. मखमली गाद्या हवेशीर असतात. आणि ज्या हेडफोनच्या गाद्या सुट्या मिळत नाहीत तो घेऊ नका, मग आवाज कितीही गोड असो. निघू शकणारी वायर असेल तर आणखी उत्तम, कारण घरात पहिली तुटते ती वायरच.

ब्लूटूथचं थोडक्यात सांगतो. ब्लूटूथ हेडफोनच्या आतच स्वतःचा डॅक, म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप, आणि स्वतःचा अ‍ॅम्प असतो. बिनतारी ऐकताना त्याला बाहेरून अ‍ॅम्प लावण्याची सोयच नसते आणि गरजही नसते. पुढचं सगळं वायरवाल्यांसाठी आहे.

२. दोन ओळींचा हिशेब

डब्यावर दोन आकडे असतात. एक ओहममध्ये, म्हणजे रोध. दुसरा डेसिबलमध्ये, म्हणजे संवेदनशीलता: एवढा वीजपुरवठा दिला तर एवढा आवाज. "३०० ओहम म्हणजे अ‍ॅम्प हवाच" हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येतं. ते अर्धवट आहे, कारण दुसरा आकडा पाहिल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही.

त्या दुसऱ्या आकड्यातही एक चकवा आहे. काही कंपन्या तो एका मिलीवॉटला देतात, काही एका व्होल्टला. दोघांची थेट तुलना केली तर गणित फसतं. मिलीवॉटवरून व्होल्टवर यायचं तर १६ ओहमला १८ मिळवा, ३२ ला १५, ८० ला ११, २५० ला ६ आणि ३०० ला साधारण ५. एवढं पाठ असलं की पुरे.

आता हिशेब. संगीतात अधूनमधून येणाऱ्या सर्वांत मोठ्या क्षणांसाठी, म्हणजे तबल्याची थाप किंवा तिहाईचा शेवट, ११० डेसिबलची सोय ठेवली तर कुणालाही कमी पडत नाही. सलग एवढ्या आवाजात ऐकायचं नाही, ही फक्त वरची जागा.

डीटी ७७० प्रो घेऊ, कारण तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन रूपांत मिळतो आणि संवेदनशीलता सगळीकडे ९६ डेसिबल प्रति मिलीवॉट. ११० ला पोचायला १४ डेसिबल कमी पडतात. दर १० डेसिबलला दहापट आणि दर ३ डेसिबलला दुप्पट वीज लागते, तेव्हा १४ डेसिबल म्हणजे २५ पट. लागले २५ मिलीवॉट. वॉटला ओहमने गुणून वर्गमूळ काढलं की व्होल्ट निघतात: ३२ ओहमला ०.९, ८० ला १.४ आणि २५० ला २.५ व्होल्ट. मोबाइलच्या जॅकमधून किंवा साध्या डोंगलमधून (चार्जिंगच्या भोकात लावून हेडफोन जोडायचा छोटा तुकडा) साधारण अर्धा ते एक व्होल्ट निघतो. म्हणजे ३२ वाला मोबाइलवर खुशाल चालेल, ८० वाला बऱ्यापैकी चालेल, २५० वाल्याला मदत लागेल. एकच हेडफोन, एकच डबा, आणि दुकानदाराने चुकीचं रूप काढून दिलं की अ‍ॅम्पचा खर्च डोक्यावर बसतो.

सेनहायझर एचडी ६५० चा रोध ३०० ओहम, पण कंपनीचा आकडा एका व्होल्टला १०३ डेसिबल. एक व्होल्टच्या डोंगलवर शिखरं १०३ ला पोचतात. ख्यालाच्या मुद्रणात सरासरी आवाज शिखरांपेक्षा पंधरा-वीस डेसिबल खाली असतो, म्हणजे कानाला ८३ ते ८८ मिळतात. घरात ऐकायला ते भरपूर आहे. ११० ची सोय हवीच असेल तर सव्वादोन व्होल्ट लागतील, तेही छोटासा अ‍ॅम्प सहज देतो.

उलट टोक म्हणजे हायफायमॅनचा एचई-६. फक्त ५० ओहम, पण संवेदनशीलता ८३.५ डेसिबल. ११० साठी जवळजवळ ४५० मिलीवॉट लागतात, पावणेपाच व्होल्ट. ओहम बघून "हा तर मोबाइलवर चालेल" म्हणणारा इथे फसतो. प्लेनर जातीच्या, म्हणजे पातळ सपाट पडद्याच्या बऱ्याच जुन्या हेडफोनांची भूक अशीच असते.

आणि १६ ओहम, ११० डेसिबलवाल्या कानातल्या जोडीला? तिला ताकद नकोच. तिचा त्रास वेगळा: तगड्या अ‍ॅम्पवर लावली की गाणं सुरू होण्याआधीच "स्स्स" ऐकू येतो.

३. आवाज कुठून घ्यायचा: मोबाइल, डोंगल की वेगळा प्लेअर

१ जुलै १९७९ ला सोनीचा पहिला वॉकमन जपानात विकायला आला तेव्हा त्याला हेडफोनचे दोन जॅक होते, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. आज बहुतेक नव्या मोबाइलांना एकही नाही. २०१६ साली आयफोन ७ ने तो काढला आणि मग बाकीच्यांनीही.

मोबाइलला जॅक नसेल तर टाइप-सी डोंगल घ्या, पण आत डॅक असलेलाच. बाजारात दोन जाती मिसळून विकल्या जातात: एकात आकड्यांचा आवाज करणारी चिप असते, दुसऱ्यात नुसत्या तारा. दुसरा फार थोड्या मोबाइलांवर चालतो. दुकानात स्वतःचा मोबाइल लावूनच बघा. अ‍ॅपलचा डोंगल स्वस्त आणि स्वच्छ आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड मोबाइलांवर तो पूर्ण आवाज देत नाही. डोंगलची अंतर्गत पातळी खालीच राहते आणि मोबाइलची पट्टी शेवटपर्यंत नेली तरी आवाज मिणमिणता येतो. असं झालं की हेडफोनला दोष देऊ नका, डोंगल बदला.

वेगळा प्लेअर कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे स्वतःच्या फाइली आहेत त्यांनी. सीडीवरून उतरवलेल्या, कॅसेटवरून काढलेल्या, मित्रांनी पेनड्राइव्हवर दिलेल्या मैफली. नुसतं स्ट्रीमिंग ऐकणाऱ्याला प्लेअरचा उपयोग एवढाच की मध्ये फोन वाजत नाही. अर्थात तोही लहान फायदा नव्हे. विलंबित रंगात आला की हटकून बँकेचा फोन येतो.

प्लेअर घेताना तीन गोष्टी तपासा. एक, गाणी सलग वाजतात का. सीडीवर एकच राग आलाप, जोड, झाला अशा तीन ट्रॅकांत तोडलेला असतो. काही प्लेअर प्रत्येक ट्रॅकच्या मध्ये अर्धा सेकंद गप्प होतात, आणि तंबोरा तुटला की जीव जातो. दोन, मेमरी कार्ड किती मोठं चालतं. सीडीदर्जाचा एक तास फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घालवता दाबलेल्या फाइलीत, साधारण ३०० ते ४०० एमबी खातो, म्हणजे १२८ जीबीत तीनशेहून जास्त तास सहज मावतात. बहुतेकांना एवढं आयुष्यभर पुरेल. तीन, लाइन-आउट, म्हणजे वेगळ्या अ‍ॅम्पला आवाज द्यायची वाट, आहे का. याचं काम पुढे पडणार आहे.

घरात जुना आयपॉड क्लासिक पडला असेल तर फेकू नका. त्याच्या खालच्या रुंद सॉकेटमधून योग्य केबल लावली की चांगला लाइन-आउट मिळतो. बॅटरी बसवून देणारे कारागीर अजून आहेत.

४. हिशेबात अ‍ॅम्प निघालाच, तर

ताकदीचा आकडा सगळेच मिरवतात. मी आधी अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट रोध बघतो. तो हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागाहून कमी असावा: १६ ओहमच्या जोडीला २, ३२ ला ४, आणि ३०० ला ३७ चालतो. हे न पाळल्यास हेडफोनचा सूर बदलतो, कारण बऱ्याच हेडफोनांचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एचडी ६०० चा रोध खालच्या पट्टीत, १०० हर्ट्झच्या आसपास, बराच चढतो. जास्त रोधाच्या अ‍ॅम्पवर तिथला आवाज फुगतो. काहींना तोच ऊबदार वाटतो आणि ते त्याला अ‍ॅम्पचा गुण म्हणतात. प्लेनर हेडफोनांना हा त्रास जवळजवळ नसतो, त्यांचा रोध सपाट असतो.

वडिलांच्या जमान्याचा स्टीरिओ अ‍ॅम्प घरात असेल, स्पीकरवाला, समोर मोठ्या पिनचं भोक असलेला, तर आधी तोच वापरून बघा. त्यातल्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये स्पीकरचाच आवाज शे-दोनशे ओहमच्या किंवा त्याहून मोठ्या रेझिस्टरमधून त्या भोकापर्यंत आणलेला असतो. ३०० ओहमचा हेडफोन त्यावर छान वाजतो. कानातली नाजूक जोडी मात्र तिथे लावू नका. आणि मागच्या स्पीकरच्या टर्मिनलना हेडफोन थेट कधीही जोडायचा नाही, कुठल्याही व्हिडिओत काहीही दाखवलं तरी.

गेनचा, म्हणजे अ‍ॅम्प आवाज किती पट वाढवतो त्याचा, खटका असलेला अ‍ॅम्प घ्या. कमी गेन हीच रोजची जागा. व्हॉल्यूमचं बटण आठ वाजल्याच्या जागेवरच कानठळ्या बसवत असेल तर गेन जास्त आहे. त्या सुरुवातीच्या भागात बहुतेक बटणांचा डावा-उजवा तोल बिघडलेला असतो, एक बाजू आधी बोलू लागते. गेन कमी केला की बटण अकरा-बाराच्या जागी येतं आणि तोल सुधारतो.

आता परदेशातून येणाऱ्या अ‍ॅम्पबद्दल. न्यू जर्सीहून येणाऱ्या भाच्याला बॅगेत अ‍ॅम्प आणायला सांगण्याआधी त्याच्याकडून अडॅप्टरच्या पाठीचा फोटो मागवा. "इनपुट १०० ते २४० व्होल्ट" लिहिलं असेल तर फक्त पिनचा कन्व्हर्टर लागेल. नुसतंच १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो धूर काढेल. यातली खरी मेख पुढे आहे: मॅग्नी, अ‍ॅटम यांसारखे काही लोकप्रिय अमेरिकी टेबलावरचे अ‍ॅम्प एसी घेतात. त्यांचा अडॅप्टर १५ व्होल्टच्या आसपास देतो तोसुद्धा एसीच. पिन बसते म्हणून जुन्या राउटरचा डीसी अडॅप्टर लावून चालत नाही. भारतातल्या विक्रेत्याकडून २३० वाला अडॅप्टर मिळतोय याची खात्री करा, नाहीतर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरचं वजन कायमचं टेबलावर येतं.

५. जोडणी, एकेक पायरी

प्लेअर, टेबलावरचा अ‍ॅम्प आणि हेडफोन अशी सगळ्यांत नेहमीची जोडणी धरतो.

पहिली: सगळं बंद करा. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम शून्यावर, गेन कमीवर.

दुसरी: वायर. एका टोकाला साडेतीन मिलीमीटरची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, कुठेही मिळेल. पिन घट्ट बसते का आणि वायर मुळाशी हलवल्यावर खरखर होते का, एवढंच बघा. चांदीच्या तारा, सोन्याचा मुलामा, विणलेली खोळ यावर माझा विश्वास नाही. ते पैसे हेडफोनच्या गाद्यांसाठी ठेवा. लाल म्हणजे उजवा.

तिसरी: प्लेअरच्या बाजूला पिन लाइन-आउटमध्ये घाला. लाइन-आउटमधून ठरावीक पातळी निघते, बहुधा दोन व्होल्टच्या आसपास, आणि आवाजाचं नियंत्रण फक्त अ‍ॅम्पकडे राहतं. लाइन-आउट नसेल तर हेडफोनच्या भोकातून घ्या आणि प्लेअरचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा. अगदी शेवटपर्यंत नेल्यावर काही प्लेअरांचा आवाज फाटतो, फार कमी ठेवला तर अ‍ॅम्प नुसती खरखर वाढवतो.

इथे एक धोका आहे, तो ठळक अक्षरांत. लाइन-आउटमध्ये हेडफोन कधीही लावू नका. काही प्लेअरांत एकच भोक दोन्ही कामं करतं आणि मेनूतून अदलाबदल होते. काल रात्री अ‍ॅम्पसाठी लाइन-आउट केलं, आज सकाळी बसमध्ये तसाच प्लेअर कानाला लावला की पहिल्याच स्वराला पूर्ण दाबाने आवाज येतो. माझ्या बाबतीत हे एकदा झालंय. तेव्हापासून मी आधी गाणं सुरू करतो, मग हेडफोन कानावर चढवतो.

चौथी: हेडफोनची छोटी पिन मोठ्या भोकात घालायला अडॅप्टर लागतो. स्क्रूवाला असेल तर पूर्ण आवळा. सैल राहिला की मावशीचा प्रसंग पुन्हा.

पाचवी: आधी प्लेअर सुरू, मग अ‍ॅम्प, मग हेडफोन डोक्यावर, मग हळूहळू आवाज. बंद करताना उलट क्रम. अ‍ॅम्प बंद होताना येणारा "धप्" हेडफोनने सोसू नये.

सहावी: तपासणी. जुनं, मोनो ध्वनिमुद्रण लावा, आकाशवाणीच्या संग्रहातलं कुठलंही. डावं-उजवं सारखंच असल्याने आवाज नेमका कपाळाच्या मध्यावर बसायला हवा. एका बाजूला सरकतोय? हेडफोन उलटा घाला, डावा उजव्या कानावर. सरकणं दुसऱ्या बाजूला गेलं तर दोष यंत्रात आहे. दुसरा हेडफोन लावून अ‍ॅम्प की हेडफोन ते ठरवा. सरकणं त्याच कानाला राहिलं तर यंत्रं निर्दोष आहेत आणि कानाच्या डॉक्टरकडून मळ काढून घ्यायला हवा. एका मित्राचा नवा अ‍ॅम्प याच कारणासाठी दुकानात परत जाता जाता वाचला.

बॅलन्स्ड जोडणीबद्दल फक्त इशारा देतो. ४.४ मिलीमीटरच्या बॅलन्स्ड भोकात दोन्ही कानांच्या परतीच्या वाटा वेगळ्या असतात. बॅलन्स्ड वायरचा हेडफोन अडॅप्टर लावून साध्या भोकात घालणं ठीक. उलटं, म्हणजे साध्या तीन-कड्यांच्या पिनला अडॅप्टर लावून बॅलन्स्ड भोकात घालणं, नाही. त्या दोन वाटा एकमेकींना चिकटतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो. असे अडॅप्टर विकले जातात, हे विशेष.

६. घूंऽऽ

डोंबिवलीच्या मित्राकडे लॅपटॉप, यूएसबी डॅक, अ‍ॅम्प असा थाट होता आणि सगळ्याखाली एक बारीक, न थांबणारी घूं. मी लॅपटॉपचा चार्जर उपटला. शांतता. परत लावला, घूं. हे नेहमीचंच. दोन उपकरणं दोन वेगळ्या सॉकेटांतून अर्थिंग घेतात, त्यांच्यामध्ये वायरमुळे एक वळसा तयार होतो आणि घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा सूर त्यातून फिरतो.

आधी सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, अर्ध्या वेळा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर ऐकताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा, किंवा ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही, वळसाच उरत नाही. मित्राकडे बोर्डानेच काम झालं. प्लगची अर्थची जाड पिन मोडून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. आवाज जाईलही. पण मग अ‍ॅम्पच्या आत वायर सुटली तर तिची वाट हेडफोनमधून आणि तुमच्यातून. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गाणं बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या. जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं, त्यामागे तार असेलच असं नाही.

पावसाळ्यात खरखर वाढते ती पिनांवर चढलेल्या थराने. पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करा, कोरड्या कापडाने पुसा. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना चर्रर्र होत असेल तर दुकानातून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणा, बंद अ‍ॅम्पमध्ये थेंबभर मारा, बटण वीसेक वेळा पूर्ण फिरवा.

७. आवाज किती

जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं माप आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांसाठी ७५. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. घरच्या घरी मोजायला यंत्र नसतं, म्हणून मी असं करतो: रात्री सगळं शांत असताना जिथे छान वाटतं तिथे बटणाशेजारी पांढऱ्या पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवतो. दिवसा पंखा, मिक्सर, कुकर यांच्या भरीला बटण खुणेच्या बरंच पुढे जातंय असं दिसलं की उघडा हेडफोन काढून बंद पाठीचा लावतो.

८. मावशीचा दुसरा फोन

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. आता त्यांना टीव्हीवरचं यूट्यूब हेडफोनवर ऐकायचं होतं, काकांची झोप मोडू नये म्हणून. टीव्हीला हेडफोनचं भोक नाही, मागे एक चौकोनी झडपेचं भोक आहे म्हणाल्या, आत लाल उजेड दिसतो. ते ऑप्टिकल आउट. ऑप्टिकल इनपुट असलेला, हेडफोनचं भोक आणि व्हॉल्यूमचं बटण असलेला छोटा डॅक घेतला. त्यांचा हेडफोन ३२ ओहमचा, वेगळा अ‍ॅम्प हिशेबात बसत नव्हता.

जोडला, उजेड दिसतोय, आवाज नाही. केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्यातली एक तशीच आत गेली होती. ती काढली. तरी नाही. मग फोनवरच टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेलो: आवाज, डिजिटल आउटपुट, तिथे "ऑटो" होतं. टीव्ही डॉल्बीची पोटली न सोडता पुढे देत होता आणि साध्या डॅकला ती उकलता येत नाही. "पीसीएम", म्हणजे पोटली सोडून साधा आवाज, निवडायला सांगितलं.

"आता रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाहीये," मावशी म्हणाल्या.

बऱ्याच टीव्हींवर ऑप्टिकलमधून आवाज ठरावीकच निघतो. त्यासाठी डॅकचं बटण. ते त्यांनी हातातल्या जपमाळेशेजारी, उशाशी ठेवलंय.